मदत हवी आहे: बास्केटबॉल सामन्यांसाठी मोबाईलवरचं स्कोअरिंग, तेही नेटशिवाय

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे सामने होतात. गावातली पोरं, सुट्टीला आलेले चाकरमानी, आजूबाजूच्या वाड्यांचे संघ, असा मामला. कोकणात कबड्डीचे गुण लिहिणारा कुठल्याही वाडीत मिळेल, पण बास्केटबॉलच्या टेबलावर बसून फाउल, टाइमआउट, धावता स्कोअर असं सगळं एकदम सांभाळणारा माणूस शोधावा लागतो. आमचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) पद्धतीचा कागद हाताने लिहितात. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. दोन गुणांना तिरकी रेघ, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारी एक गुणाची मोकळी फेक) भरीव ठिपका, तीन गुणांची बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. बघत राहावं असं काम. सर नसले की दहावी-अकरावीची मुलं बसतात आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोन्ही कोच टेबलाशी येऊन हुज्जत घालायला लागतात.

या मुलांसाठी मी ब्राउझरवर चालणारं स्कोअरिंग लिहितेय. वेब प्रोग्रामिंग माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे बराचसा भाग उभा राहिलाय. काही ठिकाणी मात्र अडलंय, तिथे जाणकारांची मदत हवी आहे.

आधी काय ठरवलंय ते सांगते. फुकट मिळणारी बरीच अ‍ॅप्स पाहिली. बहुतेकांत दोन मोठे आकडे आणि खाली अधिक-उणेची बटणं. पण टेबलावरचं खरं भांडण आकड्यावरून होत नाही, तो आकडा कुठून आला यावरून होतं. रेफ्री दोन मिनिटांनी येऊन सांगतो की मघाचा फाउल सातचा नव्हता, सतराचा होता. आता सातचा एक फाउल कमी, सतराचा एक जास्त, आणि सतराचा तो पाचवा निघाला तर त्याला बाहेर बसवायला हवं. म्हणून मी बेरीज साठवतच नाही. प्रत्येक घटना ही एक नोंद, आणि स्कोअर, फाउल, टाइमआउट सगळं त्या नोंदींवरून दर वेळी नव्याने मोजलं जातं. चूक दुरुस्त करायची तर जुनी नोंद खोडायची नाही. जमाखर्चाच्या वहीत करतात तशी उलटी नोंद टाकायची. म्हणजे सामना संपल्यावर कुणी विचारलं, तर कधी काय बदललं ते दाखवता येतं.

नियमही साधनातच बसवलेत, कारण मुलांना ते पाठ असण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. संघाचे चार फाउल झाले की त्या क्वार्टरमधल्या पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्याच संघाने फाउल केला तर तो संघाच्या खात्यात मोजला जातो, फ्री थ्रो मात्र मिळत नाहीत. कोचला मिळालेला टेक्निकल (गैरवर्तनाबद्दलचा) फाउल संघाच्या फाउलमध्ये धरत नाहीत. आणि जादा वेळेतले फाउल चौथ्या क्वार्टरच्या मोजणीतच पुढे चालतात. मी पाहिलेल्या अ‍ॅप्सची गल्लत नेमकी इथेच होते. टाइमआउटचंही तसंच: पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, पण त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत दोनच. आमच्याकडे वेळेअभावी आठ मिनिटांचे क्वार्टर सलग, मध्ये न थांबणाऱ्या घड्याळावर खेळवतात, म्हणून वेळ बदलण्याची सोय ठेवली आहे. थ्री-बाय-थ्रीचा, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या प्रकाराचा, हिशेबच वेगळा, तो सध्या बाजूला.

आता प्रश्न.

पहिला, बटणांच्या क्रमाचा. फाउल झाला की रेफ्री टेबलाकडे तोंड करून आधी खेळाडूचा नंबर दाखवतो, मग फाउलचा प्रकार, मग किती फ्री थ्रो किंवा चेंडू कुठल्या दिशेला. म्हणून फाउलसाठी मी हाच क्रम ठेवलाय. बास्केटचं मात्र उलटं वाटतं. दोन की तीन ते लगेच दिसतं, नंबर शोधायला मान वळवावी लागते. तेव्हा गुण आधी, नंबर मागाहून, आणि नंबर नाहीच दिसला तर ‘नंतर भरू’ असं बटण. एकाच पडद्यावर दोन उलटे क्रम असले तर मुलांचा गोंधळ होईल का? जे प्रत्यक्ष टेबलावर बसलेत त्यांचा अनुभव हवा आहे.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा. मैदानावर नेट जवळजवळ नसतं आणि लाईटचा भरवसा नाही. एका मोबाईलवर नोंदी, दुसऱ्यावर घड्याळ आणि प्रेक्षकांसाठी मोठे आकडे, अशी माझी कल्पना. घड्याळाचं गणित जमलंय: सेकंदाला एक वजा करत न बसता सुरू केल्याची वेळ साठवायची आणि आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची, म्हणजे स्क्रीन बंद होऊन ब्राउझरने टायमर मंद केला तरी वेळ चुकत नाही. पण दोन मोबाईल एकमेकांशी बोलणार कसे? एकाच्या हॉटस्पॉटवर दुसरा जोडून साध्या एचटीटीपीवर पान उघडलं, तर नेट नसतानाही पान उघडू देणारा सर्व्हिस वर्कर चालत नाही आणि स्क्रीन जागी ठेवणारा वेक लॉकही चालत नाही. दोन्हींना एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, लागतं. म्हणून घरीच पान दोन्ही मोबाईलवर उतरवून घ्यायचं आणि मैदानावर वेबआरटीसीने (दोन ब्राउझर थेट एकमेकांशी जोडण्याची सोय) जोडायचं, जोडणीची माहिती दोन्ही बाजूंनी क्यूआर कोड दाखवून द्यायची, असं डोक्यात आहे. स्वस्तातल्या जुन्या अँड्रॉइडवर, हॉटस्पॉट चालू पण नेट बंद अशा स्थितीत हे कुणी चालवून पाहिलंय का? जोडणी मध्येच तुटली तर पुन्हा क्यूआर दाखवायला सामना थांबवता येणार नाही, ही माझी मुख्य काळजी. ब्राउझर सोडून सरळ अँड्रॉइड अ‍ॅपच लिहावं असं कुणाचं मत असेल तर तेही सांगा, फक्त कारणासह.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. साडेचार-पाचला सामना सुरू होतो तेव्हा ऊन थेट टेबलावर असतं. काळ्या पार्श्वभूमीवरचे आकडे अजिबात दिसत नाहीत. पांढऱ्यावर जाड काळे दिसतात, पण मग दोन संघांचे रंग कसे वेगळे दाखवायचे? त्यात मे महिन्याचा दमटपणा. घामट अंगठ्याने बटण एकदा दाबलं तरी कधी दोनदा लागतं आणि दोनाचे चार गुण होतात. एकाच बटणाचा लागोपाठचा दुसरा स्पर्श अर्धा सेकंद दुर्लक्षित करावा म्हणते, पण फ्री थ्रोच्या नोंदी कुणी घाईने एकामागून एक भरल्या तर त्यातली खरी नोंद गळायची भीती आहे.

सगळा कोड खुला ठेवणार आहे, कुठल्याही शाळेने वापरावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी सामने भरवत असेल आणि एखाद्या सरावाच्या सामन्यात कागदाच्या जोडीने हे चालवून बघायला तयार असेल, तर इथेच कळवा. कागद बंद करू नका, दोन्ही ताडून पाहायचे आहेत.