मदत हवी आहे: लॅमिनायटिस असलेली वयस्कर घोडी पाणी कमी पिते

माझ्याकडे विशी ओलांडलेली, सुमारे साडेचारशे किलो वजनाची घोडी आहे. तिला लॅमिनायटिसचा (खुरांच्या आतल्या थरांची दुखरी सूज) जुना त्रास आहे, त्यामुळे हिरव्या कुरणात सोडता येत नाही आणि खुराकातली साखर व स्टार्च जपून मोजावे लागतात. दाढाही बऱ्याच झिजल्या आहेत. मागच्या थंडीत मोठ्या आतड्यात कोरडा चारा अडकून तिला पोटशूळ झाला होता. पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून पाणी आणि औषधे दिली, म्हणून शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. मात्र पुन्हा तसे होऊ द्यायचे नसेल तर हिचे पाणी वाढवा, असे त्यांनी बजावून सांगितले.

घोड्याला विश्रांतीच्या काळात, समशीतोष्ण हवेत, दर शंभर किलो वजनामागे दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागते. या हिशेबाने तिने बावीस लिटरच्या आसपास पाणी प्यायला हवे, परंतु बादलीवर खुणा करून मोजल्यावर ते पंधरा लिटरच्या आतच भरते. हिरव्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते, तर वाळलेल्या गवतात जेमतेम दहा ते पंधरा टक्के, म्हणजे कुरणावर चरणाऱ्या घोड्याला जे पाणी चाऱ्यातूनच मिळते ते हिला बादलीतूनच घ्यावे लागणार. लिदीचे गोळे लहान आणि कोरडे पडतात. हिरड्या ओलसर आहेत, नाडी मिनिटाला चाळीसच्या खाली आहे आणि भूकही बरी आहे, त्यामुळे आजची परिस्थिती तातडीची नाही.

नेहमी सुचवले जाणारे बहुतेक उपाय हिच्या कोणत्या ना कोणत्या आजाराच्या आड येतात. पाण्यात काकवी किंवा सफरचंदाचा रस घालावा, असे अनेक जण सांगतात. लॅमिनायटिसमुळे तो मार्ग बंद आहे. खुराकात मीठ वाढवावे म्हटले, तर अलीकडच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती नीट काम करतात हे दाखवणारा रक्तातला घटक) वरच्या मर्यादेला टेकलेले आहे आणि मूत्रपिंडे कमजोर असताना मीठ द्यावे का, याची मला धास्ती वाटते. त्यातच खुरांच्या वेदनेसाठी तिला फेनिलब्युटाझोन चालू आहे, आणि अंगात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडांना अधिक घातक ठरते. कोमट पाण्याचा मात्र उपयोग झाला आहे: संध्याकाळी ते ठेवले की ती थंड पाण्यापेक्षा नक्कीच अधिक पिते. गवत भिजवून देणेही सुरू केले आहे.

तेव्हा अशा घोड्याला मीठ द्यावे का आणि किती, साखरेवाचून पाण्याला चव आणण्याचा काही मार्ग आहे का, आणि बादलीची जागा किंवा उंची बदलून फरक पडतो का, याविषयी ज्यांनी आजारी घोडे सांभाळले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मिठाचा प्रश्न सोडवण्याआधी क्रिएटिनिन कशामुळे वाढले आहे, हे ठरवून घ्या. ज्या घोड्याची मूत्रपिंडे खरोखर निकामी होत असतात तो बहुधा पाणी जास्त पितो आणि लघवीही जास्त करतो. तुमची घोडी नेमके उलट वागते आहे, त्यामुळे पाणी कमी पडल्यानेच आकडा वर गेला असण्याची शक्यता आहे. पशुवैद्यांना रक्त आणि लघवी यांचे नमुने एकाच वेळी घ्यायला सांगा. लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तिच्या घट्टपणाचे माप, १.०२० च्या वर असेल तर मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत आहेत असा अर्थ निघतो, आणि क्रिएटिनिन वाढलेले असूनही ते १.००८ ते १.०१४ या पट्ट्यात अडकले असेल तर काळजीचे कारण आहे. निरोगी घोड्याला पाचशे किलो वजनामागे दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ खुराकात विभागून देतात, पण तुमच्या घोडीचे प्रमाण या तपासणीनंतर पशुवैद्यांनीच ठरवावे. वय आणि लॅमिनायटिस पाहता पीपीआयडीसाठी (वयस्कर घोड्यांमधला पीयूष ग्रंथीचा विकार) एसीटीएच या संप्रेरकाची रक्ततपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

दुसरे असे की बादलीवरची खूण एकटीच पाहू नका. भिजवलेले गवत निथळवून वजन करा आणि त्यातून कोरडे वजन वजा करा. तेवढे पाणी घोडीच्या पोटात जातेच. कदाचित तुमची तूट वाटते तेवढी नसेल. मात्र गवत भिजवलेले पाणी चव म्हणून पाजू नका, कारण गवतातून निघालेली साखर त्यातच उतरलेली असते (हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि लॅमिनायटिसच्या घोड्यासाठी तो चुकीचा आहे). चवीसाठी पुदिन्याचा निवळ, कोमट काढा थोडा मिसळून पाहा, पण शेजारी साध्या पाण्याची बादली असलीच पाहिजे. काकवी न घातलेला बीटचा चोथा भरपूर पाण्यात पूर्ण फुगवून दिला तर झिजलेल्या दाढांनाही सोपा जातो.

माझा खरा संशय खुरांवर आहे. पाय दुखत असलेली घोडी तहान लागली तरी पाण्यापर्यंत चालत जायचे टाळते. घोडे बरेचसे पाणी चारा खाताना किंवा लगेच त्यानंतर पितात, म्हणून गवताच्या अगदी जवळ एक आणि ती जिथे उभी राहते तिथे दुसरी, अशा दोन रुंद तोंडाच्या बादल्या ठेवा आणि त्यांच्यापुढे जाड, मऊ अंथरूण घाला. मान आखडलेली असेल तर एक बादली छातीच्या उंचीवर टांगून ती कोणती निवडते ते पाहा.

प्रतिसाद २

पाणी वाढवण्याच्या घाईत बाटलीने किंवा पिचकारीने तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकते. लीद बंद झाली, घोडी खाणे सोडून जमीन खरवडू लागली किंवा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागली, तर वाट न पाहता पशुवैद्यांना बोलवावे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चालण्याच्या वेदनेचा मुद्दा पटतो, कारण सध्याची बादली तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला, गवतापासून दूर आहे. ती आजच हलवतो आणि मीठ लघवीच्या तपासणीपर्यंत थांबवतो. पुदिन्याचे पाणी फेनिलब्युटाझोन चालू असताना द्यायला हरकत नाही ना, हे पशुवैद्यांना त्याच वेळी विचारून घेईन.