मदत हवी आहे: अनोळखी भागात रोड सायकलसाठी रस्ते कसे शोधता?

कामानिमित्त नव्या भागात आलोय, सायकल सोबत आहे. टायर २५ मिमीचे, त्यामुळे खडी-माती नको. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपचा हीटमॅप (लोक जास्त जातात ते रस्ते गडद दाखवणारा नकाशा) पाहिला, पण गडद रेषा म्हणजे रस्ता चांगलाच असं नाही. रोज सायकलने कामावर जाणारेही त्यात मोजले जातात. परवा नकाशातला झकास शॉर्टकट थेट पायवाटेवर निघाला, दीड किलोमीटर सायकल खांद्यावर! (क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून चालणं कसं असतं, विचारू नका.) ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावर रस्ता डांबरी की कच्चा याची नोंद असते, ती तुम्ही कितपत खरी धरता? आणि ५०-६० किलोमीटरच्या फेरीत ट्रकची वर्दळ कुठे, कधी असेल, हे आधी कसं ओळखता? की पहिले काही दिवस सरळ तिथल्याच कुणाच्या तरी मागे जावं?