अनुभव धागा : कामावर तुम्ही काय घालता, आणि त्यावरून लोक तुम्हाला कसं ओळखतात?

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलं आणि हा प्रश्न माझ्यासमोर ठळकपणे उभा राहिला. कंपनीत असताना गळ्यातलं ओळखपत्र माझी ओळख करून द्यायचं. ते गेल्यावर नव्या ग्राहकाकडे माझ्याबद्दल अंदाज बांधायला फारसं काही उरत नाही. काम त्याने अजून पाहिलेलं नसतं, बोलणं सुरू व्हायचं असतं. कपडे मात्र दारातून आत येतानाच दिसतात.

प्रसिद्ध उदाहरणं आपल्याला ठाऊक आहेत. स्टीव्ह जॉब्स यांचे जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी करून दिलेले काळे टर्टलनेक, जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँगेला मर्केल यांची एकाच बेताची पण रोज वेगळ्या रंगाची जॅकेटं. अमेरिकेच्या मुत्सद्दी मॅडलिन ऑलब्राइट यांना इराकी वृत्तपत्राने साप म्हटलं, तर इराकी अधिकाऱ्यांबरोबरच्या पुढच्या बैठकीला त्या सापाचा ब्रोच, म्हणजे कपड्यावर लावायची शोभेची पिन, लावून गेल्या आणि मग ब्रोचमधून बोलणं ही त्यांची खासियतच झाली. पण यांच्याकडे लोकांचं लक्ष आधीच होतं. मला तुमच्या-आमच्यासारख्यांचं ऐकायचं आहे. तुम्ही काय बदललंत, त्याने समोरच्याच्या वागण्यात काय फरक पडला आणि त्यातलं काय टिकलं? माझ्यापुरतं सांगते : एक गडद निळं जॅकेट, आत फिकट काहीतरी, एवढं ठरवून टाकलं आणि तेव्हापासून बैठकीच्या सकाळी कपाटासमोर वेळ जाणं थांबलं.

*

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पांढरा कोट पाहिला की बरीच मुलं रडायला लागतात, म्हणून ओपीडीत मी तो घालत नाही. पण कोट काढला की दुसरीच अडचण सुरू होते. तपासून झालं, औषधं लिहून झाली, आणि आई विचारते, "डॉक्टर कधी येतील?" माझ्या पुरुष सहकाऱ्यांना साध्या शर्टातही हा प्रश्न येत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ज्या बाईने मला डॉक्टर म्हणून ऐकलेलंच नाही, ती माझ्या सूचना घरी जाऊन कितपत पाळणार?

मी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत "डॉक्टर" असा बिल्ला, तोही छातीवर पिन केलेला. दोरीला लटकवलेला बिल्ला सारखा उलटा फिरतो आणि नेमकी कोरी बाजू समोर येते. ऑस्ट्रेलियातल्या एका भूलतज्ज्ञाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियागृहातल्या टोपीवर स्वतःचं नाव आणि काम लिहायला सुरुवात केली, ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. मास्क लावलेल्या माणसांत कोण कोण आहे हे कळणं तिथे किती गरजेचं असतं ते आत काम करणाऱ्यालाच कळेल.

आणि पांढरा कोट काही पहिल्यापासून नव्हता. टॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराची शस्त्रक्रियेची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. १८७५ मधले सर्जन काळ्या कोटात आहेत, १८८९ मधले पांढऱ्यात. मधल्या काळात जंतूंबद्दलची समज बदलली, तसा पोशाखही बदलला. पुढे त्याच जंतूंच्या भीतीने इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून रुग्णाला तपासताना कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम आला. लांब बाह्यांचा पांढरा कोट आणि मनगटी घड्याळ, दोन्ही गेलं. तेव्हा कोट नसला तर डॉक्टर नाही, ही समजूत आपण सोडायला हरकत नाही.

*

मी बांधकामावर इंजिनियर आहे. सुरक्षेची जॅकेटं आणि बूट येतात ते पुरुषांच्या मापाचे. सैल जॅकेट मचाणाच्या पाइपात अडकतं, बुटात पाय हलत असेल तर शिडीवर पाऊल जपून टाकावं लागतं. आणि जपून चालणारी बाई साइटवर बिचकलेली समजली जाते. मी माझ्या मापाचे बूट आणि जॅकेट हट्टाने मागवून घेतले. त्यानंतर मुकादम ड्रॉइंगमधली शंका थेट मला विचारायला लागले. सगळं श्रेय बुटांना देणार नाही, पण स्लॅबवर झपझप चढता यायला लागलं याचा त्यात वाटा आहेच.

बैठकीसाठी गाडीत धुतलेला शर्ट ठेवते. बूट मात्र बदलत नाही. त्यांना लागलेलं सिमेंट पाहून ग्राहकाला कळतं की ही आत्ता काम बघून आली आहे, आणि ते त्याला कळावं असं मला वाटतं.

*

थोडं वेगळं मत मांडतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगले कपडे घाला, डोकंही चांगलं चालेल, असं सांगणारे लोक बहुतेक वेळा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅडम आणि गॅलिन्स्की यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. पांढरा कोट अंगात असला की लक्ष देण्याच्या चाचणीत लोकांच्या चुका कमी होतात, असं त्यात दिसलं होतं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग मोठ्या गटावर केला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. म्हणून कपड्यांचा परिणाम घालणाऱ्याच्या डोक्यावर होतो हे मी धरून चालत नाही. बघणाऱ्यावर होतो, हे मात्र रोज पाहतो. ग्राहकाकडे मी सूट घालून गेलो की ते मला विक्री विभागातला समजतात आणि तांत्रिक प्रश्न दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवतात. टी-शर्टात गेलो की थेट कोडवर बोलणं सुरू होतं.

*

सगळं वाचते आहे. आमच्या घरातून ऑफिसात नोकरीला लागलेली मी पहिलीच. कसे कपडे घालायचे हे सांगणारं घरात कोणी नाही आणि हातात पैसे मोजके आहेत. दोन शर्ट, एक पँट, एवढ्यावर "व्यावसायिक ओळख" वगैरे होते का? खरंच विचारते आहे.

*

ताई, होते. मी शिंपी आहे, म्हणून सांगतो. दोनच शर्ट असू द्या, पण ते अंगाला बसायला हवेत.

आधी खांदा बघायचा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली की कापड कितीही भारी असलं तरी माणूस मागून आणल्यासारखे कपडे घालून आलेला दिसतो. लांबी, बाही, कंबर हे आम्ही सहज कमी करून देतो. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा नव्याने कापा, पुन्हा बाही बसवा. तयार कोटात तर हे काम परवडतच नाही. म्हणून तयार कपडा घेताना खांद्याला बसेल तो घ्या आणि बाकीचं शिंप्यावर सोडा.

मग कपडा उलटा करून आतली माया बघा. शिवणीच्या आत बोटाच्या पेराएवढं कापड सोडलेलं असेल तर पुढे अंग भरलं तरी तोच कपडा सैल करून मिळतो. अगदी कडेला शिवलेला असेल तर त्याचं पुढे काही करता येत नाही. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत. छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर आत एक चापबटण लावून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं आणि दिवसभराची काळजी जाते.

गडद पँटवर इस्त्री थेट फिरवू नका. वर ओलसर सुती कापड ठेवा, नाहीतर मांडीवर आणि मागे चकाकी येते आणि ती सहजी जात नाही. माझ्याकडे भारी कोट घेऊन येणारी मंडळी आहेत, त्यांच्या बाह्या तळहातावर आलेल्या असतात आणि तशाच घालून ते बैठकीला जातात. तुमचे दोन शर्ट त्यांच्यापेक्षा नीटनेटके दिसतील.

*

शिंपीदादा, चापबटणाची युक्ती आजच करून घेते. खूप आभार.

*

मी ऑनलाइन शिकवते, त्यामुळे माझ्या कपड्यांचा खरा परीक्षक कॅमेरा. बारीक रेघा आणि बारीक चौकडी पडद्यावर थरथरतात. कापडावरच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बिंदूंची जाळी एकमेकांवर पडून, कापडावर नसलेल्याच लाटा उमटतात आणि मुलांचं लक्ष फळ्याऐवजी माझ्या खांद्याकडे जातं. पांढराशुभ्र शर्ट घातला की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं काही घालायचं नाही, धडाच्या जागी मागचं चित्र दिसतं. कॉलरमाइक लावायचा तर पुढे बटणपट्टी असलेला शर्ट सोयीचा, आणि कापड सुती हवं. सिंथेटिक कापडाची सळसळ माइक उचलतो.

आता मी जवळजवळ प्रत्येक तासाला गडद मोरपंखी रंगच घालते. यावर "मॅडमकडे दुसरे कपडे नाहीत का" असं ऐकलं आहे. पुरुषांना हे कोणी विचारत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातले टीव्ही निवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी जाहीर केलं की वर्षभर ते जवळपास रोज तोच निळा सूट घालत होते. प्रेक्षकांच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि सोबतच्या निवेदिकेच्या कपड्यांवर मात्र शेरे येतच होते. हेच दाखवायला त्यांनी ते केलं होतं. मी माझा रंग सोडलेला नाही. यादीत डझनभर व्हिडिओ असले तरी मुलांना माझा तास त्या रंगावरून सापडतो, आणि मला तेच हवं आहे.

*

या शेवटच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. मी सांकेतिक भाषेचा दुभाषी. आमच्याकडे कपड्यांचा रंग त्वचेवरून ठरतो. माझे हात सावळे आहेत, म्हणून मी फिकट करडा किंवा आकाशी शर्ट घालतो. उजळ वर्णाची माझी सहकारी काळा किंवा गडद निळा घालते. हात छातीसमोर हलतात आणि ते स्पष्ट उठून दिसायला हवेत. नक्षी नाही, रेघा नाहीत, चमकणारी अंगठी नाही, भडक नेलपॉलिश नाही. ओठांची हालचालही वाचली जाते, म्हणून मिशा ओठांवर येऊ देत नाही. लांब कार्यक्रमात दर वीस-तीस मिनिटांनी आम्ही अदलाबदल करतो, कारण हातांइतकंच डोकंही थकतं. पाहणाऱ्याचे डोळे तर सलग काम करत असतात. तासन् तास हातांकडे बघणाऱ्याला मागे फुलाफुलांचा शर्ट दिला तर त्याचं डोकं दुखणार, हे उघड आहे.

एकरंगी शर्ट पाहून सभागृहातले कर्णबधिर लोक गर्दीतही आम्हाला ओळखतात आणि कुठे बसलं तर नीट दिसेल ते येऊन विचारतात. माझ्या क्षेत्रात याहून मोठी ओळख मला नको आहे. कार्यक्रमांचं आयोजन करणारं कोणी हे वाचत असेल तर एक विनंती : व्यासपीठामागचा पडदा कोणत्या रंगाचा आहे ते आदल्या दिवशी कळवा आणि आमच्यावर एक दिवा वेगळा ठेवा. सादरीकरणासाठी सभागृहात अंधार केला जातो, तेव्हा आमचे हातही त्यात बुडतात.