परदेशात शिकायला गेल्यावर पहिलं सत्र आपल्याच देशाच्या विद्यार्थ्यांबरोबर राहावं का?

ध्रुवमत्स्य
माझं मत ठाम 'नाही' आहे. अडचण भाषेपेक्षा अलिखित नियमांची असते. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची की पदवीने, मध्येच प्रश्न विचारला तर चालतो का, 'कधीतरी भेटू या' हे खरं आमंत्रण की नुसता निरोप, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. रोज पाहूनच कळतं. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रकल्पांचे गट ठरू लागतात. तोवर आपल्याच माणसांत राहिलात तर गटही त्यांचाच होतो आणि पुढे सत्रभर तो सुटत नाही.

काठपदर
साफ असहमत. परदेशात गेल्यावर आधी आनंद, मग निराशा, मग जम बसणं हा आलेख १९५५ मध्ये नॉर्वेच्या लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने मांडला आणि अजून सगळे तोच सांगतात. पण १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा सर्वाधिक त्रास पोचल्यापोचल्याच दिसला. म्हणजे सर्वात नाजूक काळातच तुम्ही आधार काढून घ्यायला सांगताय! बँक खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो आणि घरमालक खातं मागतो. ही कोंडी बहुतेक वेळा विद्यापीठाच्या पत्राने सुटते. पण ते पत्र कोणत्या खिडकीवर मागायचं हे आधी गेलेला आपला माणूसच चटकन सांगतो.

ध्रुवमत्स्य
आधार घ्या की, फक्त मुक्काम वेगळा ठेवा. आणि वरिष्ठांचा प्रत्येक सल्ला बरोबर नसतो. 'असाइनमेंट सगळे मिळूनच करतात' हा त्यातला सर्वात घातक. चर्चा एकत्र केली तर बहुधा चालते, उत्तर मात्र एकट्याने लिहायचं. दोघांची मांडणी जुळली तर देणारा आणि घेणारा दोघेही चौकशीत अडकतात. शब्द बदलले पण वाक्यरचना तीच ठेवली, तर संदर्भ देऊनही ती उचलेगिरी धरली जाऊ शकते. मूळ मजकूर मिटून आठवणीतून लिहावं, मग ताडून पाहावं आणि संदर्भ लगेच नोंदवावा. स्वतःचाच जुना निबंध पुन्हा देणंही अनेक विद्यापीठांत गुन्हा आहे. टर्निटिन या मजकूर ताडून पाहणाऱ्या संगणकप्रणालीच्या आकड्यावर तर विसंबूच नका. तो फक्त साम्य मोजतो. संदर्भसूचीमुळे तो वाढू शकतो, आणि आकडा कमी असूनही एखादा अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो.

पाणवठा
दोघेही खोलीतच अडकलात. मिश्र वसतिगृहात राहिल्याने मैत्री होत नाही; स्वयंपाकघरात मान हलवून जो तो आपलं दार लावून घेतो. तीच माणसं दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, काही काम करताना भेटली तरच ओळख मुरते. म्हणून एकदाच होणाऱ्या स्वागत मेळाव्यांपेक्षा एखादा वाद्यवृंद, खेळाचा संघ किंवा स्वयंसेवी काम धरा. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की स्वदेशी, स्थानिक आणि इतर परदेशी अशी तीन वर्तुळं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. अभ्यासाची अडचण स्थानिकांकडे सुटते, मन मोकळं होतं स्वदेशींकडे. एकाकडून दुसऱ्याचं काम मागितलं की निराशा ठरलेली.

काठपदर
हे पटलं. पण वर्गात तोंडच उघडत नसेल तर? अनेक ठिकाणी गप्प बसणं हा आदर नव्हे, तयारी नसल्याची खूण मानतात.

पाणवठा
चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांतच बोलावं, नंतर बोलणं वेगाने पुढे जातं आणि शिरकाव अवघड होतो. एक प्रश्न आणि वाचनातला एक पानक्रमांक घरूनच लिहून न्यावा. प्राध्यापकांच्या भेटीच्या राखीव वेळेत पहिल्या तीन आठवड्यांतच जावं. निकाल बिघडल्यावर गेलं तर फक्त गुणांवर बोलणं होतं. ईमेलच्या विषयात अभ्यासक्रमाचा क्रमांक, मजकुरात काय वाचलं, कुठे अडलं आणि एकच प्रश्न. लांबलचक माफी नको.

ध्रुवमत्स्य
तरी माझा आग्रह कायम आहे. दिवसभर परकी भाषा बोलून थकलेला विद्यार्थी संध्याकाळी सोपं तेच निवडतो, आणि घरी सगळे आपलेच असतील तर तो त्या संघाच्या सरावालाही जात नाही.

काठपदर
आणि घरी कोणीच आपलं नसेल तर तोच विद्यार्थी रात्रभर व्हिडिओ कॉलवर असतो.