पार्किंग ग्रुप : टो बार कुणी काढून ठेवलाय का?

मंदार, बी-३०२ (सकाळी ७:४०)
मंडळी, माझ्या गाडीचा टो बार गेलाय. ट्रेलर अडकवायला बंपरखालून बाहेर येतो तो वाकडा दांडा, टोकाला गोळा असलेला. रात्री होता, आत्ता तिथे नुसतं भोक आहे. कुणी जपून ठेवावा म्हणून काढलाय का? (आशा वेडी असते.)

मंदार
कळलं कसं तेही ऐका. दांडा लावलेला असला की रिव्हर्स टाकल्याबरोबर मागचा सेन्सर बोंबलायला लागतो. दीड वर्ष ऐकतोय. आज एकदम गप्प. म्हटलं वा, आपोआप सुधारला! गेटपर्यंत खुशीत गेलो मी.

शलाका, ए-१०४
अरेरे! पण ते नटबोल्टने पक्कं नसतं का? एका रात्रीत निघतंच कसं?

ओंकार, सी-५०१
शलाकाताई, काढता येतो म्हणूनच तर तसला घेतात. आपल्याला येतो तसा चोरालाही येतो 😄

सेक्रेटरी
मंदार, कॅमेरा बघून सांगतो. तोवर गाडीला हात लावू नका कुणी.

मंदार
गाडी घेऊन ऑफिसला आलोय काका.

सेक्रेटरी
बरं.

सेक्रेटरी (९:१५)
पाहिलं. पहाटे पावणेतीनला एक जण तुमच्या गाडीमागे बुटाची नाडी बांधायला बसावा तसा बसतो. अर्धं मिनिटसुद्धा नाही. उठतो तेव्हा खांद्यावरची पिशवी चांगली लोंबलेली दिसते. हातात हत्यार वगैरे काही नाही. चेहरा टोपीत.

प्रभाकर, डी-२०३
मंदार, खरं सांग. कुलूप लावलं होतंस?

मंदार
काका… कुलूप होतं. लावलेलं नव्हतं. किल्लीच फिरत नव्हती, वर्षभर तरी. जोर केला तर आत तुटेल म्हणून सोडून दिलं.

प्रभाकर
वाटलंच. गॅरेजात होतो तेव्हा दांडा गेला म्हणून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच असायचा, आणि समोरचा असाच घुटमळायचा.

जरा लांबलचक लिहितो, कारण या पार्किंगमध्ये असे आणखी तीन-चार दांडे येताजाता दिसतात मला.

तुझ्यासारख्या दांड्याच्या वरच्या टोकाला, जो भाग गाडीत जातो तिथे, स्टीलच्या छोट्या गोळ्या असतात. दांडा खालून वर दाबला की आतली स्प्रिंग सुटते, गोळ्या बाहेर ढकलल्या जातात आणि गाडीच्या बाजूच्या खाचेत बसतात. बाजूचं हातचाक, म्हणजे हाताने फिरवायचं छोटं चाक, आपोआप फिरून खट्कन जागेवर येतं. झालं. वजन पेलतात त्या या गोळ्या. किल्लीचं काम एवढंच की ते हातचाक कुणाला बाहेर ओढून फिरवता येऊ नये. म्हणजे कुलूप उघडं असेल तर चाक ओढा, फिरवा, दांडा हातात. पाना नको, पकड नको. तुझ्या त्या माणसाने खरंच नाडी बांधली असती तर जास्त वेळ लागला असता.

ओंकार
काका 🙏 यूट्यूब चॅनेल काढा आता.

प्रभाकर
पुढचं ऐक आधी. कुलूप जाम का होतं? त्याच्यावर एक छोटी प्लास्टिकची टोपी असते, ती पहिल्या चार महिन्यांत हरवते. मग मागच्या चाकाने उडवलेलं पाणी, माती, रस्त्यावर मीठ टाकत असतील तर ते मीठ, सगळं थेट किल्लीच्या भोकात. किल्ली अडकायला लागली की लोक घरातलं दिसेल ते तेल ओततात. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटून लगदा होतो. कुलपात फक्त ग्रॅफाइटची पूड. सुकी. बाकी गोळ्या, सरकणारे भाग, चाकाचा दट्ट्या, यांना हलकं तेल किंवा रेझिन नसलेलं ग्रीस, तेही आधी सगळं पुसून. आणि धुलाईवाल्याला सांगायचं, प्रेशरचा जेट तिथे मारू नकोस. माती जात नाही, आत बसते.

आता गंमत बघ. कुलूप अडकतं म्हणून आपण दांडा काढायचा कंटाळा करतो. काढत नाही म्हणून तो बारा महिने चिखल खातो. चिखल खातो म्हणून आणखी अडकतो. आणि कायम लावलेला, कुलूप उघडं, हे रोज येणाजाणाऱ्याला दिसत असतं. त्या दांड्याला वर्षातून चार वेळा दहा मिनिटं दिली असती तर आज तो तुझ्या डिकीत असता.

मंदार
मान्य. 🙇

रवी, ए-३०१
काका, माझा तर गंजून असा बसलाय की चोराच्या आजोबालाही निघायचा नाही. म्हणजे मी सेफ ना? 😎

प्रभाकर
चोरापासून हो. बाकी कुणापासून नाही. हातचाकावर हिरवी खूण आणि लाल खूण असते बघ. कुठली समोर आहे?

रवी
खूण कुठली काका, सगळं एकाच रंगाचं झालंय. तपकिरी.

प्रभाकर
मग तू परवा त्याला ट्रेलर लावून दोन मोटरसायकली घेऊन गेलास तो कशाच्या भरवशावर?

रवी
…

प्रभाकर
रागावत नाही. पण हे नीट वाच. दांडा बसला हे तीन गोष्टींवरून कळतं. हिरवी खूण दांड्यावरच्या खुणेसमोर. हातचाक दांड्याला टेकलेलं, मध्ये फट नाही. आणि किल्ली फिरवून बाहेर निघते. यातली एक जरी नसली तरी गोळ्या खाचेत अर्धवट असू शकतात. बहुतेकांचं कुलूप असं बनवलेलंच असतं की चाक पूर्ण बसल्याशिवाय किल्ली निघू नये. लोक उलट किल्ली अडकली म्हणून कुलपालाच शिव्या घालतात. ते बिचारं सांगत असतं की बाबा रे, दांडा बसलेला नाही. शेवटी दोन्ही हातांनी गोळा धरून खाली जोरात ओढून बघायचं.

गंजाने हे चाक अर्ध्यात थांबतं. हाताला घट्ट लागतं, म्हणून माणसाला वाटतं बसलं. जाम झालेलं आणि कुलूपबंद यात हाताला फरक कळत नाही.

शलाका
बाई गं. आणि तो रस्त्यात निघाला तर?

प्रभाकर
म्हणूनच रवीला आणखी एक विचारतो. ट्रेलरला ब्रेकची बारीक तार येते ना, ती कुठे अडकवतोस?

रवी
दांड्यालाच. एक वेढा मारून. सगळे तसंच करतात.

प्रभाकर
करतात, आणि पक्क्या टो बारला निदान दांडा तरी जागेवर राहतो. त्या तारेचं काम काय? ट्रेलर गाडीपासून सुटला तर तार ताणली जाते, ट्रेलरचा हँडब्रेक ओढला जातो आणि मग तार तुटते. आता तुझा दांडाच मुळासकट खाली आला तर तार कुठे असेल? दांड्याबरोबर. दांडा ट्रेलरबरोबर. ताण येणारच नाही, ब्रेक लागणारच नाही. बंपरखाली, पक्क्या भागावर, बहुतेक वेळा एक कडी दिलेली असते. निघणाऱ्या दांड्यासाठी तार त्या कडीला. कडी नसेल तर बसवून घे.

रवी
काका, आज संध्याकाळी खाली याल का? मी पायावर डोकं ठेवतो, तुम्ही दांडा बघा.

प्रभाकर
येतो. लोखंडी ब्रश आणि जुनी फडकी आण. हातोडा आणू नकोस.

ओंकार
माझा वेगळा आहे काका. चौकोनी पाइपवाला, त्यात सळई सरकवून आडवी पिन घालायची.

प्रभाकर
दोन इंची रिसीव्हर. त्याची पिन साधारण सोळा मिलिमीटरची असते आणि तिच्या टोकाला तारेची क्लिप. ही क्लिप म्हणजे कुलूप नव्हे, पिन हलून बाहेर येऊ नये एवढ्यापुरती ती. चोर ती दोन बोटांनी काढतो. कुलूपवाली पिन मिळते, ती घाल, तिच्या तोंडावरची रबरी टोपी हरवू देऊ नकोस. आणि अधूनमधून सळई बाहेर काढ. चौकोनी पाइपात पाणी साठून दोन लोखंडं एकमेकांना धरतात, मग ती निघत नाही.

ओंकार (१०:०५)
खाली जाऊन आलो. क्लिप नाहीच आहे. पिन नुसती भोकात पडून होती, बोटाने ढकलली तर सरकली. कधीपासून असेल देव जाणे. मागच्या महिन्यात होडी ओढून आणली याने. हात थरथरतायत जरा.

शलाका
बस खाली आधी, पाणी पी.

सेक्रेटरी
सर्व सभासदांना सूचना. ज्यांच्या गाडीला असे दांडे आहेत त्यांनी वापर नसताना ते काढून ठेवावेत. पार्किंगमध्ये चालताना माझ्या नडगीलाही दोनदा लागले आहे.

प्रभाकर
सेक्रेटरीसाहेबांच्या नडगीला माझा पाठिंबा. शिवाय कायम लावलेला दांडा नंबरप्लेट झाकत असेल तर पोलिसांचं लचांड वेगळंच. पण काढून डिकीत नुसता टाकू नका. चार-पाच किलोचं लोखंड आहे, जोरात ब्रेक मारला तर ते मागून पुढे येतं. त्याची पिशवी असते, स्पेअर चाकाजवळ जागा किंवा पट्टा असतो, तिथे बांधा. आणि दांडा काढला की गाडीकडच्या भोकात बूच! ते रबरी-प्लास्टिकचं बूच सोबत आलेलं असतं आणि खोक्यातच राहतं. बूच नाही म्हणून वर चिखल भरतो, आणि पुढच्या वेळी दांडा निम्म्यावर अडकतो.

शलाका
काका, एक शंका. माझा भाऊ कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) ओढतो, तो गोळा अगदी कोरडा करकरीत पुसतो. रवीदादाच्या गोळ्यावर मात्र ग्रीसचा थर असतो, माझ्या साडीला लागलाय एकदा. बरोबर कोण?

प्रभाकर
दोघंही. ट्रेलरची गोळ्यावर बसणारी पकड साधी असेल तर ग्रीस हवंच, नाहीतर लोखंड लोखंडाला खातं. भावाच्या कॅराव्हॅनला डोलू नये म्हणून घर्षणाची पकड असणार, आत ब्रेकसारखे पॅड असतात. त्याला ग्रीस लागलं की पॅड कामातून गेले. नव्या गोळ्यावरचा रंगसुद्धा आधी खरवडून काढावा लागतो. गोळा नवा असताना पन्नास मिलिमीटरचा असतो. कुठेही मोजला आणि एकोणपन्नास किंवा कमी भरला तर बदलायचा. व्हर्नियर माझ्याकडे आहे, संध्याकाळी सगळ्यांचे मोजू.

साडीबद्दल रवी बोलेल.

रवी
सॉरी ताई 🙏 गोळ्यावर टोपी घालतो आजपासून.

मंदार (१२:३०)
काका, ऑनलाइन एक दांडा दिसतोय. वापरलेला, माझ्यासारखाच दिसतो, स्वस्त आहे. किल्ली नाही म्हणतोय. घेऊ?

ओंकार
किल्ली नाही 😂 तुझाच असेल तो.

प्रभाकर
नको. किल्लीविना दांडा विकणारा तो कुठून आणतो हे तू आज सकाळी शिकलायस. आणि सारखा दिसणं वेगळं, बसणं वेगळं. एकाच कंपनीचे दोन दांडे वरून जुळे वाटतात आणि आतली खाच निराळी असते. कधीकधी आत जातोसुद्धा, तेच वाईट.

बंपरखाली वाकून बघ, पक्क्या भागावर एक पट्टी असते. तिच्यावर प्रकार, मंजुरीचा क्रमांक, डी आणि एस असं लिहिलेलं असतं. एस म्हणजे गोळ्यावर उभा भार किती किलो चालेल. डी म्हणजे ओढण्याची ताकद, किलोन्यूटनमध्ये. गाडी दोन टन आणि ट्रेलर दीड टन असेल तर डी साधारण ८.४ लागतो. पट्टीचा फोटो काढून त्या कंपनीकडे दे, त्याच प्रकाराचा दांडा नव्या किल्ल्यांसकट मागव. विम्याच्या कागदात टो बारची नोंद आहे का तेही बघ. तक्रार तर आजच दे.

मंदार
पट्टी वाचता येते. अर्ध्या आकड्यांवर डांबर आहे, पण येते.

प्रभाकर
रॉकेल लावून पुस. हो, आणि ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरीचं सॉकेट बघितलंस? तेरा पिनांचं आहे ना? त्यात सात पिनांचा अडॅप्टर कायम घालून ठेवतोस तू, मी पाहिलंय. त्याने झाकण उघडं राहतं आणि आत पाणी जातं. काम झालं की काढत जा.

मंदार
काका, तुम्ही माझ्या गाडीखाली राहता का?

प्रभाकर
सकाळी फिरायला जातो. बाकी काही बघण्यासारखं नसतं.

मंदार (संध्या. ५:५०)
तक्रार दिली. आणि घरी येऊन कपाट उपसलं, तर जादा किल्ली सापडली! टॅगसकट. दांडा नाही, पण किल्ली आहे.

मंदार
_हा संदेश डिलीट करण्यात आला_

ओंकार
काय होतं? किल्लीचा फोटो ना? मी बघेपर्यंत गेला.

प्रभाकर
मीच फोन करून काढायला लावला. टॅगवर किल्लीचा नंबर असतो आणि नंबरावरून किल्ली बनवून मिळते. उद्या दांडा सापडला तर? नंबर वहीत लिहायचा, ग्रुपवर नाही. रवी, मी खाली उभा आहे. ब्रश कुठाय?

रवी
आलो आलो. लिफ्टमध्ये आहे.