पळसाच्या फुलात सावल्या फार काळ्या येतात: फ्लॅश वापरावा की रिफ्लेक्टर?

चोपड्याचा भटक्या

राम राम मंडळी. होळीच्या आसपास पळस फुलला की मी चोपडा-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असतो. सकाळी नऊ-दहानंतर ऊन असं कडक होतं की पाकळी भडक केशरी आणि देठाकडचा तो तपकिरी मखमली भाग पार काळा. पाकळीवर एक्सपोजर धरलं तर देठ जातो, देठ धरला तर पाकळीतल्या शिरा जातात. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) सावली उजळली की नुसते दाणे दिसतात. फिल लाइट म्हणून, म्हणजे सावली उजळायला, फ्लॅश मारला तर फूल पासपोर्ट फोटोसारखं सपाट येतं.

दुसरं असं की त्याच जंगलात रानपिंगळा दिसतो. तो दिवसा हिंडतो, पण उन्हात भुवईची सावली डोळ्यांवर येते. त्याच्यावर हलका फ्लॅश चालेल का?

तापीकाठचे नाना

भाऊ, तू सावली पुसायला बघतोयस, म्हणून फूल सपाट येतंय. सावली राहू दे, तिच्या आतलं दिसलं म्हणजे झालं.

फ्लॅश काढायच्या आधी पायाखाली बघ. आपल्याकडची काळी जमीन उजेड गिळते, खालून काहीच परत येत नाही. तेच झाड वाळूच्या नाल्याकाठी असेल तर वाळू खालून उजेड फेकते आणि देठाची मखमल आपोआप दिसते. मी तर पळस निवडताना फुलोऱ्याइतकंच लक्ष जमिनीकडे देतो. आणि वेळही बघ. मार्चच्या मध्यावर दुपारी सूर्य सत्तर अंशांच्या आसपास चढतो, सगळी सावली फुलाच्या खालच्या अंगाला जमते. तेव्हा उजेड खालूनच द्यावा लागतो.

हाताला येणारी फांदी असेल तर उन्हात डोक्याला बांधतो तो पांढरा रुमाल पुरतो. कुणाला तरी तो फुलाच्या खाली, कोपरभर अंतरावर ताणून धरायला सांग. जवळ आणला की सावली भरते, लांब नेला की पुन्हा गडद होते. हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून मला फ्लॅशपेक्षा आवडतं. चंदेरी रिफ्लेक्टर (उजेड परत फेकणारा पडदा) या उन्हात नको, त्याची तिरीप देठावर चमकते. आणि रंगीत शर्ट घालून फुलाजवळ उभा राहू नकोस, पाकळीवर त्याचा रंग उतरतो.

आता फ्लॅश. पहिले कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून उजेडातल्या भागाचं एक्सपोजर पक्कं कर. निरभ्र उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२०० सेकंद धरलं तर भिंगाचं छिद्र एफ ११ च्या जवळ येतं. मग फ्लॅश टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो तो मोड), आणि त्या ताकदीतली कमीजास्त, म्हणजे कॉम्पेन्सेशन, उणे दीड ते उणे दोन. शून्यावर ठेवला तर फ्लॅश उन्हाशी बरोबरी करायला बघतो, तुझं फूल बहुधा तिथेच सपाट होतंय. जमलं तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून जरा बाजूला धर, मखमलीचा पोत उठून येतो.

एफ ११ ला मागच्या काटक्याही स्पष्ट येतात. पार्श्वभूमी विरघळवायची असेल तर एफ ४ इतकं मोठं छिद्र लागेल, म्हणजे शटर १/१६०० वर जाईल. तिथे हाय-स्पीड सिंक (इतक्या जलद शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू करावं लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून अजून जवळ जायचं.

शिवाय हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा लाव. पळसात लाल चॅनल सगळ्यांच्या आधी भरतो. एकत्र आलेख ठीक दिसत असतो आणि पाकळीतल्या शिरा गेलेल्या असतात.

सातपुडा_पाखरं

दादा, फुलांचं नानांनी सांगितलंच आहे. रानपिंगळ्याबद्दल माझं ठाम मत आहे: फ्लॅश नको, हलकासुद्धा नको. हा पक्षी नामशेष झाला असंच धरलं जात होतं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. ढोलीजवळ बसलेल्या जोडीच्या डोळ्यांत झगझगीत उजेड मारायचा हक्क आपल्याला नाही.

डोळ्यांवरची सावली टाळायला लवकर जा. सूर्य खाली असला की भुवईच्या खाली उजेड पोहोचतो. सूर्य पाठीशी ठेव आणि त्याने मान वळवेपर्यंत थांब. दुपारीच दिसला तर पानांच्या सावलीत बसू दे, तिथे उजेड कमी पण सगळीकडून सारखा असतो, आयएसओ वाढवता येतो. आणि हात जोडून सांगते, जागा इथे लिहू नकोस.

चोपड्याचा भटक्या

ताई, पटलं. पिंगळ्याला फ्लॅश नाही, जागाही नाही लिहिणार. नाना, उंच फांद्यांचं काय? रुमाल पोहोचत नाही. आणि संध्याकाळी फ्लॅश मारला की देठ निळसर दिसतो.

तापीकाठचे नाना

उंच फांदीला फ्लॅशचं डोकं टेलीवर (लांबच्या टोकाला) झूम कर, उजेड अरुंद होऊन लांब जातो. पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणून फार उंचावरचा हट्ट सोड. फांदीच्या मागे सूर्य घे आणि नुसत्या आकृतीचा फोटो काढ, काळा देठ तिथे शोभतो.

निळसरपणाचं कारण सरळ आहे. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन, आणि संध्याकाळचं ऊन पिवळं. फ्लॅशवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लाव, त्यातलं अर्ध्या ताकदीचं मिळतं ते. मावळतीला पूर्ण ताकदीचं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंग जुळवायचा पर्याय) मात्र उन्हावरच ठेव, ऑटोवर टाकलंस तर कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा पुसायला बघतो.