पिकअपच्या छतावर बांधलेले शिकारी कुत्रे: सोय, सुरक्षितता आणि साखळीची लांबी

पाइनवाट (बॉयसी, आयडाहो)

आयडाहोत काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी माग काढणारे कुत्रे वापरता येतात आणि त्यासाठी शिकाऱ्याला वेगळा परवाना घ्यावा लागतो. मी स्वतः शिकार करत नाही, परंतु माझ्या कामावरचे काही सहकारी हा छंद पिढीजात जोपासतात आणि त्यांच्याबरोबर मी जंगलातल्या रस्त्यांवरून फिरलो आहे. हा धागा शिकार असावी की नसावी यासाठी नाही. कुत्रे गाडीवर कसे बांधावेत, एवढ्यापुरताच तो आहे.

पद्धत अशी असते. पिकअपच्या हौद्यात ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची कप्पे असलेली पेटी बसवतात आणि बहुतेक कुत्रे त्या कप्प्यांत असतात. नाकाने तरबेज असलेले एक-दोन कुत्रे मात्र पेटीच्या छतावर बांधले जातात. पहाटेच्या गारव्यात गाडी कच्च्या रस्त्यावरून अगदी सावकाश चालवतात. रात्री अस्वलाने तो रस्ता ओलांडला असेल किंवा ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला कुठे चरत असेल, तर छतावरच्या कुत्र्याला गंध लागतो आणि तो सगळे अंग त्या दिशेला ताणून घोगऱ्या आवाजात भुंकू लागतो. मग गाडी थांबवून माग ताजा आहे की शिळा हे पाहतात आणि त्यानंतरच कुत्रे सोडतात. (पुमाच्या शिकारीत हा प्रकार फारसा नसतो, तिथे बर्फातले ठसे शोधतात.)

माझे मत असे आहे की छतावर कुत्रा बांधणे ही मुळातच क्रूर किंवा बेजबाबदार गोष्ट नाही, मात्र ती ज्या सैलपणाने केली जाते तो सैलपणा अक्षम्य आहे. जंगलातल्या रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरच्या आसपास वेग, पायाखाली खिळवून बसवलेली रबरी चटई, छातीवर बसणारा हार्नेस आणि उजव्या-डाव्या अशा दोन्ही अंगांना आखूड बांध एवढे असेल तर धोका आटोक्यात राहतो. डांबरी रस्ता लागला की मात्र प्रत्येक कुत्रा पेटीच्या आत गेला पाहिजे आणि त्याला अपवाद नको. सरसकट गळपट्ट्याला एकच साखळी अडकवतात, ती पद्धत बंद व्हावी.

चौपाया (पशुवैद्य, नाशिक)

अटी घालून धोका कमी होतो हे मान्य, पण तो पत्करायचाच कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. कुत्र्याला उभे राहता यावे, बसता यावे आणि वळता यावे एवढी साखळी दिली, तर पेटीच्या कडेवरून पाय घसरल्यावर तो कडेबाहेर लोंबकळू शकतो, आणि गळपट्ट्यावर लोंबकळणाऱ्या कुत्र्याकडे मालकाचे लक्ष जाईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तो कडेपर्यंत पोहोचूच नये इतकी साखळी आखूड केली, तर वळणावर तोल सावरायला त्याला जागा उरत नाही. या दोहोंच्या मध्ये सुरक्षित अशी जी लांबी आहे असे आपण मानता, ती प्रत्येक कुत्र्याच्या उंचीनुसार बदलते आणि गाडीवर मात्र कड्या एकदाच ठोकलेल्या असतात.

शिवाय डोळ्यांचे काय? चालत्या गाडीवर धूळ, किडे आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या यांचा मारा थेट कुत्र्याच्या चेहऱ्यावर होतो, आणि बुबुळावरच्या जखमा चिघळल्या की दृष्टी जाते. उन्हाळ्यात तापलेल्या ॲल्युमिनियमने पंजे भाजतात. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 च्या वर गेले की जिवाशी गाठ असते.

पेटीच्या दाराला मोठी भोके ठेवली किंवा दाराच्या जागी जाळी बसवली तरी कुत्र्याला वारा मिळतो. तिकडचे काही शिकारी असे करतातही. मग छत हवेच कशाला?

प्लॉटप्रेमी (उत्तर विस्कॉन्सिन)

डॉक्टरांनी उल्लेखलेली पद्धत मी वापरली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो. पेटीच्या आतून माग घेणारा कुत्रा गंध घेतो हे खरे, पण त्याला तो बहुधा एकाच बाजूने मिळतो आणि त्यात गाडीच्या धुराचा, ओल्या गवताचा आणि शेजारच्या कुत्र्याचा वास मिसळलेला असतो. छतावरच्या कुत्र्याचे नाक जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असते आणि त्याला चारी बाजूंचा वारा मोकळा मिळतो. पहाटे गार हवा उतारावरून खाली सरकत असते आणि तिच्याबरोबर गंधही खाली येतो. तो नेमका कोणत्या बाजूने आला हे छतावरचा कुत्रा मान वळवून दाखवतो, आतला कुत्रा फक्त भुंकतो. खोट्या सादेवर कुत्रे सोडले तर ते दिवसभर भलत्याच रानात भटकतात, आणि आमच्याकडे लांडग्यांनी मारलेले कुत्रे पाहिले की भटकणे म्हणजे काय हे कळते. अशा प्रत्येक कुत्र्यामागे 2,500 डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तरतूद विस्कॉन्सिन राज्याला करावी लागली आहे. तेव्हा छतावरून अचूक माग घेणे हासुद्धा कुत्र्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

मात्र धागाकर्त्याच्या हार्नेसशी मी सहमत नाही. माझ्याकडे प्लॉट जातीचे कुत्रे आहेत (उत्तर कॅरोलायनाने 1989 साली ज्या जातीला राज्यकुत्र्याचा मान दिला तीच). गंध लागला की हा कुत्रा अंगाला हिसके देत मागे सरतो आणि ढिला हार्नेस डोक्यावरून निघून येतो. घट्ट बसवला तर काखेत घासून सालटी निघतात. शिवाय हार्नेस घालून कुत्रा झुडपात सोडता येत नाही, कारण तो फांदीत अडकतो. म्हणजे सोडण्याआधी तो काढावा लागतो, आणि उसळ्या मारणाऱ्या तीस किलोच्या कुत्र्याचा हार्नेस पेटीच्या कडेवर उभे राहून काढणे हाच एक अपघात आहे. रुंद, दुहेरी शिवणीचा गळपट्टा, फिरकी कडी आणि वीतभर साखळी एवढेच पुरेसे असते. कुत्र्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून गळ्यात घालतात त्या जीपीएसच्या पट्ट्याला साखळी अडकवू नये, हे वेगळे सांगायला नको.

कोनमापक (पुणे)

साखळीविषयी इतके बोलणे चालले आहे, तर थोडा हिशेब मांडतो. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी जागीच थांबली, तर त्या वेगाने पुढे फेकल्या जाणाऱ्या कुत्र्याला बसणारा मार सुमारे सहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडल्यासारखा. ताशी 15 किलोमीटर वेगाला हीच उंची 90 सेंटिमीटरांच्या आत येते. ताशी 60 ला ती 14 मीटर होते.

कुत्रा बांधलेला असला तर तो फेकला जात नाही, पण तो सगळा मार पट्ट्यावर येतो. 30 किलोचा कुत्रा 30 सेंटिमीटर अंतरात थांबतो असे धरले, तर ताशी 40 च्या वेगाला पट्ट्यावर सरासरी 600 किलोहून अधिक भार येतो आणि ताशी 15 ला तो सुमारे 90 किलो असतो. गाडीचा पुढचा भाग चेपत असल्याने प्रत्यक्षात आकडे काहीसे उतरतील. तरीही 90 किलोचा झटका छातीवर पसरला तर कुत्रा उठून उभा राहील, पण मानेच्या एका अरुंद पट्टीवर आला तर राहीलच असे नाही. वेगाची अट धागाकर्त्याने अचूक घातली आहे. प्लॉटप्रेमी यांच्या गळपट्ट्याचे समर्थन मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्लॉटप्रेमी (उत्तर विस्कॉन्सिन)

हिशेब टक्कर होण्याचा आहे. कच्च्या रस्त्यावर माग घेताना टक्कर क्वचित होते आणि कुत्रा कडेवरून उडी मारतो ते रोजचे असते. रोजच्या धोक्यावर उपाय आखूड साखळी हा आहे आणि साखळी आखूड असली की झटक्याआधीचा ढिलावाही उरत नाही, ही बाब आपल्या गणितात धरलेली दिसत नाही.

कलमबहाद्दर (सिएटल)

कायदा काय म्हणतो तेही नोंदवून ठेवावे, कारण इथे एक गंमत आहे. आमच्या वॉशिंग्टन राज्यात 1996 च्या जनमतकौलाने आणि शेजारच्या ओरेगनमध्ये 1994 च्या जनमतकौलाने अस्वलामागे कुत्रे लावण्यावर बंदी आली. तरीही वॉशिंग्टनचा वाहतूक कायदा गाडीच्या बाहेरच्या भागावर प्राणी नेण्यास सरसकट मनाई करत नाही. प्राणी पडणार नाही किंवा फेकला जाणार नाही असा योग्य हार्नेस, पिंजरा किंवा कठडा हवा, एवढेच तो सांगतो. ओरेगनचा नियमही बहुतांशी असाच आहे. कॅलिफोर्नियात अस्वलासाठी कुत्रे वापरण्यावर 2012 च्या कायद्याने बंदी आली. तिथे हौद्यातून प्राणी न्यायचा असेल तर किमान 46 इंच उंचीचे कठडे, बंदिस्त पिंजरा, दोन्ही बाजूंनी बांध किंवा प्राणी बाहेर फेकला जाणार नाही अशी दुसरी सोय लागते. म्हणजे दुहेरी बांधाची कल्पना धागाकर्त्याने हवेतून काढलेली नाही. मात्र वॉशिंग्टनच्या कायद्यात हार्नेस हा शब्द स्पष्ट आहे आणि गळपट्ट्याचा उल्लेख नाही, हे प्लॉटप्रेमी यांनी ध्यानात घ्यावे.

माणदेशी (आटपाडी)

आमच्या भागातले कारवान कुत्रे नजरेने पाठलाग करणारे आहेत, त्यामुळे गंधासाठी छतावर बसवण्याचा प्रश्न इथे कधी आला नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नही उरला नाही. तरी पिकअपच्या केबिनवर कुत्रा मोकळा बसवून डांबरी रस्त्याने भरधाव जाणारे लोक मी नेहमी पाहतो. त्यांना ना साखळी, ना हार्नेस. चौपाया यांनी आपले बळ आधी इकडे खर्च करावे अशी विनंती.

चौपाया (पशुवैद्य, नाशिक)

इकडेही खर्च करतोच. प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण इकडचा निष्काळजीपणा दाखवून तिकडच्या निष्काळजीपणाचे समर्थन होत नाही.

कोनमापक यांच्या आकड्यांमुळे माझे मत बदलले नाही, उलट पक्के झाले. जी व्यवस्था सुरक्षित राहण्यासाठी चालकाने ताशी 15 किलोमीटरचा वेग कधीही ओलांडू नये अशी अपेक्षा धरते, ती व्यवस्था कुत्र्याच्या नव्हे तर चालकाच्या संयमावर उभी आहे. दूरवर कुत्र्यांची साद ऐकू आली आणि पुढचा फाटा गाठायचा असला, की तो संयम किती टिकतो हे पाइनवाट यांनीच सांगावे.

पाइनवाट (बॉयसी, आयडाहो)

तो टिकत नाही, हे मी पाहिलेले आहे. म्हणूनच माझी अट अशी आहे की माग लागून कुत्रे सुटले, की छतावर मागे राहिलेला कुत्राही पेटीच्या आत गेला पाहिजे, कारण त्यानंतर गाडी वेगाने पळणार हे ठरलेले असते. बहुतेक अपघात मागाच्या संथ फेरीत होत नाहीत, ते या पळापळीत होतात. दमून परतलेल्या कुत्र्यालाही छतावर चढवू नये; मात्र त्याला बंद कप्प्यात लगेच कोंडू नये, आधी सावलीत पाणी द्यावे आणि कप्प्याला दोन्ही बाजूंनी हवा असावी.

हार्नेस निसटतो, या आक्षेपावर उपाय आहे. एक बांध हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला आणि दुसरा गळपट्ट्याला द्यावा, पण गळपट्ट्याचा बांध दोन बोटे ढिला ठेवावा, म्हणजे भार नेहमी छातीवर पडतो आणि हार्नेस निघालाच तर गळपट्टा धरून ठेवतो. कड्या पेटीच्या मध्यरेषेवर असाव्यात, कडेला नसाव्यात. दोन कुत्रे असतील तर त्यांची तोंडे एकमेकांपर्यंत पोहोचता कामा नयेत. आणि सोडताना कुत्र्याला वरून उडी मारू देऊ नये, उचलून खाली घ्यावे. तेवढ्या उंचीवरून खडीवर पडलेल्या उड्यांचा हिशेब खांदे म्हातारपणी चुकता करून घेतात.

आणखी एक बाब, जिच्यावर इथे कोणी बोलले नाही. साध्या स्प्रिंगच्या हुकावर भार असताना तो उघडत नाही. कुत्रा कडेवर लोंबकळत असेल तर त्याचे सगळे वजन हुकावर असते, आणि तो उघडण्यासाठी आधी तीस किलो वर उचलावे लागतात. घोडे बांधण्यासाठी वापरतात तो पॅनिक स्नॅप (सरकती नळी खेचून उघडायचा हुक) भार असतानाही एका खेचीत सुटतो. माझे सहकारी आता गळपट्ट्याच्या बाजूला तोच वापरतात.

प्लॉटप्रेमी (उत्तर विस्कॉन्सिन)

दोन बांध, एक छातीला आणि एक ढिला गळ्याला, हे मी या हंगामात जुन्या कुत्रीवर करून पाहीन. तरुण कुत्र्यांना ते झेपेल असे वाटत नाही. पॅनिक स्नॅप मात्र मी वापरणार नाही. त्याची सरकती नळी रस्त्यावर झुकलेल्या फांदीला लागली तर ती आपोआप खेचली जाते आणि कुत्रा चालत्या गाडीवर मोकळा होतो. त्याऐवजी हुकाच्या बाजूला म्यानात एक धारदार सुरी ठेवावी आणि बांध साखळीचा न ठेवता जाड नायलॉनचा ठेवावा.

चौपाया (पशुवैद्य, नाशिक)

नायलॉन कुत्रा चावून तोडेल.

प्लॉटप्रेमी (उत्तर विस्कॉन्सिन)

माग घेणारा कुत्रा चावत बसत नाही. जो चावत बसतो तो छतावर ठेवण्याच्या लायकीचा नाही, त्याची जागा पेटीत.

कोनमापक (पुणे)

पॅनिक स्नॅपची नळी पुढे ओढून उघडते की मागे, यावर हे अवलंबून आहे. नळी गाडीच्या मागच्या दिशेला ओढल्याने सुटत असेल तर समोरून येणारी फांदी तिला तशीच ओढील. स्नॅप उलटा फिरवून लावला तर तीच फांदी नळी अधिक घट्ट बसवील. पाइनवाट यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या पेटीवर तो कोणत्या दिशेने बसवला आहे हे पाहून लिहावे.